शिसपेन्सिल

रकाने एकेचाळीस. पेन शाळेनं दिलेलं, निळं.
शिसपेन्सिल माझी, वर्गातली, टोक मोडकं.
उत्तरेश्वर पेठेच्या मागच्या गल्ल्या वाट्याला आल्या,
त्याही ऐन चैत्रात, दुपारच्या.

पहिल्याच दाराआडून आवाज :
"थांब की बाई, मी आलो."
आणि आल्या त्या आक्काताई मगदूम,
पदराला पीठ पुसत.
बावीस वर्षं मराठी शिकवते मी.
पोरींच्या वह्यांत या 'आलो'खाली
लाल रेघ ओढून ओढून
माझं मधलं बोट वाकलंय.
लिंग : स्त्री, मी लिहिलं.
वय विचारलं, तर म्हणाल्या,
"पाणी चुलीपातुर आलं त्या साली
थोरला पोटात घिऊन पळालो मी. कर हिशेब."
हिशेब जमेना. अंदाजे त्रेसष्ट.
शिक्षण : नाही.
आणि समासात, नकळत, पेन्सिलीनं :
शेजारच्या आंधळ्या म्हातारीला रोज तिन्हीसांजेला
गल्लीत काय काय झालं ते सांगतात.
रंगांसकट.

खाडे बंधू, जुळे, रंगराव नि सर्जेराव.
चाळीस रकाने तंतोतंत. धर्म, जात, शिक्षण, उत्पन्न,
म्हैससुद्धा एकच, निम्मी निम्मी.
मोबाइल नंबर तेवढा वेगळा.
एकाला मांजराचं भय.
दुसरा रात्री उठून म्हशीशी बोलतो,
भावाशी नाही, अकरा वर्षं.
का, ते आता आठवत नाही,
असं दोघांनी वेगवेगळं सांगितलं.

दस्तगीर मुल्लाणी कट्ट्यावर बसलेले.
उद्यमनगरात फौंड्रीत चौतीस वर्षं.
"आता लिवा बिनकामी," म्हणाले,
आणि माझी स्टीलची बाटली उचलून
नखानं टिचकी मारली. कान लावला. आणखी एक टिचकी.
"बाई, बुडाच्या जोडाला चीर हाय. केसाएवढी.
आज न्हाई, उद्या गळंल."
मी हसले. बाटली नवी होती,
कुणाच्या तरी लग्नातला आहेर.
समासात लिहिलं : धातूचं ऐकू येतं, डाव्या कानानं.
उजवा भट्टीनं नेला.

दुसऱ्या दिवशी पिशवीत बाटली गळली.
निळी शाई धर्मातून जातीत उतरली,
जातीतून उत्पन्नात, या घरातून त्या घरात,
खाड्यांची म्हैस मुल्लाणींच्या दारात.
साहेबांनी कागद चिमटीत धरला.
"हे काय हो मॅडम?"
समासही भिजला होता, पण पेन्सिल हलली नव्हती.
"आणि हे कडेचं?"
"ते आपलं… माझ्यासाठी."
"नव्या फॉर्मात नको."
माणूस वाईट नव्हता. चौदा वॉर्ड होते टेबलावर,
आणि पेपरवेटखाली, का कोण जाणे,
तान्ह्या बाळाचा मोजा, एकच.
तो कुठं लिहावा मला सुचलं नाही.

कोरे फॉर्म घेऊन पुन्हा निघाले.
दस्तगीरचाचांनी काही विचारलं नाही,
फक्त डावा कान माझ्याकडे केला.
"गळाली," मी म्हटलं.
"व्हय," म्हणाले.
त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या म्हणे,
सून नंतर सांगत होती.

आक्काताईंनी या वेळी दुसराच पूर काढला.
त्यानं सत्तावन्न येतंय.
मी वाद घातला नाही.
चहा दिला त्यांनी, बिनसाखरेचा.
मला साखर आहे हे त्यांना कुणी सांगितलं,
विचारायचं राहूनच गेलं.

पिशवी खांद्याला लावली,
उंबऱ्यापाशी पायानं चप्पल चाचपत
बोलून गेले :
"बरं आक्काताई, मी येतो."

दहा पावलांवर जीभ चावली.
मग सोडून दिली.